तात्या स्पीकरवाले

आमच्या नगरपंचायतीच्या सभागृहात नगराध्यक्षांच्या टेबलाखाली एक मशीन होतं. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. स्पीकरच्या धंद्यातली माणसं त्याला मशीनच म्हणतात. तात्या नगराध्यक्ष झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं ते घरून आणून बसवलं. सतरा नगरसेवकांसमोर सतरा माइक, आणि सतरांचीही बटणं तात्याच्या उजव्या गुडघ्यापाशी. एखादा नगरसेवक उभा राहून, "माझ्या वॉर्डातलं गटारीचं काम शंभर टक्के पूर्ण झालेलं आहे," असं सांगायला लागला की तात्याचा हात हळूच टेबलाखाली जायचा. बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जायचा आणि शेवटी नुसते ओठ हलताना दिसायचे. मग तात्या स्वतःच्या माइकवरून शांतपणे म्हणायचा, "घुमतंय."

हा त्याचा ठरलेला शब्द. सभागृहात आवाज भिंतीला आपटून परत आला की स्पीकरवाले म्हणतात, घुमतंय. तात्यानं तो शब्द माणसांना लावला. लग्न जमवणारा मध्यस्थ मुलाचं कौतुक करायला लागला, की घुमतंय. डॉक्टर म्हणाले, तुमची तब्येत ठणठणीत आहे, की घुमतंय. एकदा तर पालकमंत्र्यांच्या भाषणात पहिल्या रांगेत बसून त्यानं हा शब्द उच्चारला. नशीब, त्या वेळी टाळ्या चालू होत्या.

माझं नगरपंचायतीच्या समोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. घरही तात्याच्या भिंतीला भिंत लावून. आईबापांनी माझं नाव निवृत्ती ठेवलं, पण तात्या मला झेरॉक्सच म्हणतो, त्यामुळे आता गावही म्हणतं. आम्ही एका बाकावर शिकलो. तो सातवीत शाळा सोडून मांडववाल्याकडे कामाला लागला, आणि पुढची तीस वर्षं त्याचे नवे भोंगे माझ्या भिंतीवर तपासले गेले. माझ्या घराचा गिलावा कशानं पडला हे मला विचारू नका.

गावाचं नाव सांगत नाही. चांदवड आणि देवळा यांच्या मधलं कांद्याचं गाव, एवढं पुरे.

तात्याचं राजकारण सुरू झालं ते दहाव्यात. आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. येणाऱ्या निवडणुकीत कोण कोणाच्या जवळ आहे, हे आमच्याकडे दहाव्यातच कळतं. तर एका दहाव्याला प्रवचन संपलं तरी पुढारी पोचले नव्हते. लोक उठायला लागले. तात्या तेव्हा नुसता स्पीकरवाला. माइक चालू आहे का बघायला त्यानं तो हातात घेतला आणि बोलूनच गेला. गेलेला म्हातारा गावात सगळ्यांशी भांडलेला. तात्या म्हणाला, "ह्या बाबानं मला कधी गोड शब्द दिला नाय. पण माझ्या खांद्यावर स्पीकरची पेटी दिसली, की ह्यो बैलगाडी थांबवायचा. तोंडानं काय बोलायचा नाय. नुसता थांबायचा." म्हाताऱ्याशी सात वर्षं न बोललेला त्याचा भाऊ मांडवात हमसून रडला.

तेव्हापासून कोणी गेलं की लोक आधी तात्याला सांगायचे आणि मग महाराजांना. नगरपंचायतीची निवडणूक आली तेव्हा वॉर्डात असं एक घर नव्हतं जिथल्या कोणासाठी तात्या बोलला नव्हता. तो अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला. निकाल असा लागला की एका गटाचे आठ, दुसऱ्याचे आठ, आणि मध्ये तात्या. दोन्ही गटांनी त्याला ओढायला सुरुवात केली. शेवटी दौलतशेठनं डाव साधला. हे दौलतशेठ कांद्याचे व्यापारी आणि एका गटाचे प्रमुख. ठरलं असं, की पहिली अडीच वर्षं तात्या नगराध्यक्ष, पुढची अडीच दौलतशेठ. अशा तडजोडी आमच्याकडे देवासमोर भंडारा उचलून होतात. ही माझ्या दुकानात झाली, माझ्याच चहावर.

अडीच वर्षं झाली. दौलतशेठ आठवण करून द्यायला आले. तात्या म्हणाला, "घुमतंय."

आता खोटं कशाला बोलू, तात्याला खुर्चीचा लोभ सुटला होता. सात नंबर वॉर्डाची पाण्याची लाइन अर्धी राहिली आहे, ती झाली की उठतो, असं तो सांगायचा. पण लाइन नसती तर दुसरं काही निघालं असतं. रविवारी ऑफिस बंद असताना तो शिपायाकडून चावी मागून घ्यायचा आणि एकटाच त्या खुर्चीत जाऊन बसायचा. माझ्या दुकानातून खिडकी दिसते. काही काम करायचा नाही. पंखा लावून नुसता बसायचा. घरी कोण होतं त्याच्या? बायको, शांतावहिनी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी लग्न होऊन सुरतेला. ऑफिसात निदान शिपाई "साहेब" म्हणायचा.

मग अविश्वास ठराव आला. तो अर्ज माझ्याच दुकानात टाइप झाला. पहिलं कारण होतं, 'मा. नगराध्यक्ष हे सभागृहात सदस्यांचा आवाज दाबतात.' मी मुकाट्यानं टाइप केलं, धंदा तो धंदा. दुसऱ्या दिवशी तात्या आला आणि त्या अर्जाला उत्तर टाइप करून घेऊन गेला. "आवाज दाबत नाय, कमी करतो, असं लिही," म्हणाला.

सतरापैकी बारा हात वर झाले की तात्याची खुर्ची जाणार होती. दौलतशेठकडे बरोबर बारा होते, एकही जास्त नाही. दुसऱ्या गटातले चार त्यांनी कसे फिरवले ते गावाला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. पण त्या चारांतला एक, म्हणजे बारावा हात, होता कमलताईंचा, आणि कमलताई हे गणितात न बसणारं माणूस. वॉर्ड सातच्या नगरसेविका, शेतमजुरी करून निवडून आलेल्या, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. पाण्याची लाइन रखडली म्हणून त्या तात्यावर चिडल्या होत्या, आणि चिडण्यासारखंच होतं.

ठराव दाखल झाला की आमच्याकडे सहल निघते. सहल म्हणजे काय ते वाचकांना वेगळं सांगायला नको. विरोधकांनी आपली माणसं फोडू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालायचं, देवदर्शन करवायचं आणि एखाद्या रिसॉर्टवर ठेवून घ्यायचं, ते थेट सभेच्या सकाळी बाहेर काढायचं. दौलतशेठनं आपली बारा माणसं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधल्या एका रिसॉर्टवर नेली. गाडीत बसतानाच सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. पिशवीला गाठ मारली आणि ती गाठ दौलतशेठनं स्वतःच्या हातानं मारली.

सभा शुक्रवारी अकराला. गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला कमलताईंचा भाऊ तात्याच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच चहा पीत होतो. भावाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"तात्या, आईचं काय खरं नाय. डॉक्टर म्हणले, ज्यांना बोलवायचं त्यांना आत्ताच बोलवा. ताईचा फोन चार दिस बंद हाय. दौलतशेठला लावला, तो उचलंना. दाजी कांद्याची गाडी घिऊन बंगालकडं गेलाय. मी कोणाला सांगू?"

तात्यानं शर्ट घातला आणि आधी दवाखान्यात गेला. मीही गेलो. म्हातारी कॉटवर कागदासारखी दिसत होती. दर थोड्या वेळानं डोळे उघडायची आणि एकच विचारायची, "कमल आली का?" कोणी तरी म्हणायचं, येतेय. मग परत डोळे मिटायची. तात्या पायथ्याशी उभा होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचे दोन-तीन कार्यकर्ते दवाखान्याच्या दारात जमले होते. त्यांच्या तोंडावर दुःख होतं, पण ते वरवरचं.

"तात्या, देवच पावला," त्यातला एक हळूच म्हणाला. "बाईला घिऊन या. आईपाशी बसली की उद्या सभेला कशाची येती? अकराच राहत्यात. ठराव आडवा."

तात्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चार पावलं मागं सरकला.

खरं सांगतो, माझ्याही मनात पहिला विचार तोच आला होता. मी तात्याला चाळीस वर्षं ओळखतो, आणि त्या क्षणी मला त्याचा भरवसा वाटला नाही. म्हातारी आजारी आहे हे खरंच होतं. पण तात्या जो धावत निघाला होता, तो म्हातारीसाठी की बाराव्या हातासाठी, हे मला सांगता आलं नसतं.

"झेरॉक्स, गाडीत बस," तो म्हणाला.

तात्याची गाडी म्हणजे टपावर भोंगा बसवलेली जुनी जीप. प्रचाराला हीच, पाण्याच्या वेळा पुकारायला हीच. त्यानं ती दिंडोरीच्या रस्त्याला लावली. मी माझ्या पिशवीतले कोरे कागद मांडीवर धरून बसलो होतो, दुकान उघडायच्या घाईत ते तसेच बरोबर आले होते. रस्त्यात दोनदा भावाचा फोन आला. तात्या दोन्ही वेळा एवढंच विचारायचा, "हाय ना?" आणि पलीकडून, "हाय," असं आलं की गाडी आणखी दामटायचा.

रिसॉर्टच्या फाटकावर दोन दणकट माणसं होती. तात्याला बघून त्यांनी फाटक लावलंच आणि वर साखळी घातली. आत हिरवळीवर आमचे नगरसेवक खुर्च्या टाकून बसलेले लांबून दिसत होते. एक जण पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसला होता, गळ्यात टॉवेल. कमलताई कुठं दिसत नव्हत्या.

"कमलताईची आई शेवटच्या घटका मोजतीय. तिला बाहेर पाठवा," तात्या म्हणाला.

दणकट माणूस आत गेला. आतून हसण्याचा आवाज आला. दौलतशेठ वरच्या गच्चीत येऊन उभे राहिले.

"तात्या, लय दिवसांनी!" ते वरूनच ओरडले. "आज कोणाचा दहावा घिऊन आलास?"

बाकीचे खो खो हसले. आणि मला जाणवलं, आता हा माणूस काहीही बोलला तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्याचं सगळं राजकारण दुसऱ्याच्या घरच्या मरणावर उभं राहिलं, तो सभेच्या आदल्या दिवशी मरणाची बातमी घेऊन आला होता. दौलतशेठच्या जागी मी असतो, तर मीही साखळीच घातली असती.

तात्या जीपमध्ये चढला, माइक घेतला, भोंग्याचं तोंड गच्चीकडे फिरवलं.

"कमलताई! मी तात्या बोलतोय. तुमच्या आईला जास्त झालंय. तुमचं नाव घेतीय. ताई, बाहेर या!"

भोंग्याचा आवाज द्राक्षबागांवरून लांबवर गेला. फवारणी करणाऱ्या बायका ओळीत उभ्या राहून बघायला लागल्या. तोच आतून डीजे सुरू झाला. दौलतशेठनं कोणाला तरी हात केला होता. असा आवाज आला की जीपची काच थरथरली. तात्या ओरडत होता, मला त्याच्या शेजारी बसून ऐकू येत नव्हतं. त्यानं मशीन शेवटपर्यंत वाढवलं, तर भोंग्यानं नुसती शिट्टी मारली.

"चार बेस लावल्यात," तो माझ्या कानात ओरडला. "आपला भोंगा नाय पुरणार."

आयुष्यभर ज्यानं लोकांचे आवाज कमीजास्त केले, त्याला माइक खाली ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. भावाचा फोन परत आला. डीजेच्या आवाजात तात्याला काही कळेना. त्यानं फोन एका कानाला धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे हात केला.

"कागद दे. पेन काढ. तूच लिही, माझं अक्षर कोणाला लागत नाय."

"काय लिहू?"

"राजीनामा."

मी लिहीना. मी त्याला म्हटलं, अरे, शिवी दे, दगड मार, पोलिसांना फोन कर, पण हे काय? तो म्हणाला, पोलीस यायला दोन तास लागतील आणि तिच्या आईपाशी दोन तास नाहीत. "उद्या मतदानच नाय म्हटल्यावर हे लोक तिला कशाला कोंडून ठेवतील? लिही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लिही. तुला येतं सगळं."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिताना माझा हात थांबला, कारण यापेक्षा वैयक्तिक कारण मी कोणाच्या राजीनाम्यात पाहिलं नव्हतं, आणि तरीही ते नेमकं काय आहे हे मला कळत नव्हतं. तात्यानं सही केली. तो कागद त्यानं फाटकाच्या गजांतून दणकट माणसाच्या हातात दिला.

पाच मिनिटांनी डीजे बंद झाला. दौलतशेठ स्वतः फाटकापर्यंत आले. कागद त्यांनी दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. माणूस मुरलेला.

"उद्या म्हणशील, जबरदस्तीनं लिहून घेतलं. कॅमेऱ्यासमोर बोल."

"धर फोन."

दौलतशेठनं मोबाइल समोर धरला. तात्या बोलायला लागला आणि मध्येच थांबला. "जवळ धर. वारा लागतोय माइकला. काय ऐकू यायचं नाय." दौलतशेठनं फोन जवळ आणला. तात्या म्हणाला, "मी स्वखुशीनं नगराध्यक्षपद सोडतोय. कोणाची बळजबरी नाय." मग दौलतशेठकडे बघून म्हणाला, "लाव बरं. आवाज नीट आलाय का बघ." दौलतशेठनं खरंच लावून बघितलं.

त्यांचा एक माणूस तो कागद घेऊन त्याच पावली नाशिकला निघाला, आणि मग फाटकाची साखळी निघाली.

कमलताई धावत आल्या. त्यांना आत कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं, भोंग्यातले दोन शब्द तेवढे कानावर पडले होते. तात्याला बघून त्या आधी चिडल्याच. "तात्या, माझ्या आईच्या नावानं काय डाव केला असशील ना, तर..." तात्यानं त्यांच्या भावाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या जीपमध्ये मागं बसल्या आणि पदराचं टोक तोंडात धरून रस्त्याकडे बघत राहिल्या. राजीनाम्याचं त्यांना कोणी सांगितलं नाही. तात्यानं मला डोळ्यानं बजावलं होतं.

परतीचा रस्ता मी विसरणार नाही. तात्या गाडी पळवत होता आणि आम्ही तिघंही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. वणी गेलं. पुढं एका उपबाजाराशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आलेली. लिलाव सुरू व्हायचे होते. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, मधे आम्ही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भावाचा फोन आला आणि कमलताई नुसत्या, "येते रे, येते रे, तिला सांग येते," म्हणत राहिल्या.

तात्यानं माइक ओढला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता, दहाव्यातला.

"रामराम मंडळी. निळा ट्रॅक्टर, तुम्ही जरा डाव्या अंगाला घ्या. लाल पागोटंवाले बाबा, तुमची ट्रॉली एक हात मागं. गाडीत एक लेक हाय. तिची आई तिची वाट बघतीय. आपल्या सगळ्यांना आया हायेत. जरा रस्ता द्या."

इंजिनं सुरू व्हायला लागली. एकेक ट्रॅक्टर बाजूला सरकला. एका ट्रॉलीचं चाक चारीत गेलं, अर्धी गोणी कांदे रस्त्यावर सांडले, आणि तो शेतकरी खाली उतरून कांदे गोळा करायच्या आधी आमच्या जीपला हात करत होता, जा, जा. मी त्याचं नाव विचारायला पाहिजे होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. भाऊ पायरीवर उभा होता. तो काही बोलेपर्यंत कमलताई आत गेल्याही. आम्ही जीपमध्येच होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खिडकीतून म्हातारीचा आवाज आला, इतका बारीक, की तो म्हातारीचा आहे हे मला उशिरा कळलं. "आली का माझी बाय?" आणि मग कमलताईंचं रडणं.

मी दार उघडून उतरायला लागलो. तात्या हलला नाही.

"चल की, भेटून येऊ."

"नको. त्यांचं त्यांना राहू दे."

मी परत बसलो. आता त्याला काही समजुतीचं बोलावं, असं मला वाटत होतं. खुर्ची काय, आज आहे उद्या नाही, असलं काही तरी. पण तात्याच बोलला, समोर बघत.

"तू त्या दिवशी मला किती फोन केले होते?"

कोणता दिवस हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. तात्याच्या पहिल्या निवडणुकीतली शेवटची सभा. बाजारपटांगणात तो भाषण करत होता, आणि इथं घरी शांतावहिनींच्या छातीत दुखायला लागलं. माझी बायको सुमन त्यांना धरून बसली. मी गाडी शोधायला पळालो. सभेच्या गर्दीनं चौक बंद, एक रिक्षा मिळेना. पळता पळता मी तात्याला फोन लावत होतो. फोन त्याच्या खिशात वाजत राहिला आणि त्याच्याच स्पीकरच्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नाही. मी गाडी घेऊन आलो तोवर वहिनी गेल्या होत्या. तात्या आला तो गळ्यात हार घेऊनच आला. तो हार बघून माझ्या डोक्यात जी सणक गेली, ती गेली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही रोज चहा प्यायलो, पण त्या दुपारबद्दल मी त्याच्याशी अक्षर बोललो नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

"मोजले नव्हते," मी म्हणालो.

"मी मोजले. मागून. एकवीस." थोडा वेळ तो स्टेअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत बसला. "झेरॉक्स, ती माझं नाव घेत होती का रे? अशी? ह्या म्हातारीवाणी?"

 याचं उत्तर माझ्याजवळ होतं. सुमननं त्याच दिवशी मला सांगितलं होतं. तात्याला सांग, असंही म्हणाली होती, आणि मी त्या हाराच्या रागानं ते तीन वर्षं पोटात ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "वहिनींनी सुमनला खिडकी उघडायला सांगितली. पटांगणावरून तुझं भाषण ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट. सुमन म्हणाली, तात्यांना बोलवून आणते. तर म्हणाल्या, नको, बोलू दे त्यांना, बरं बोलतायत. पडून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, आज घसा बसलाय त्यांचा, आले की प्यायला गरम पाणी ठेव. तेवढंच शेवटचं बोलल्या."

तात्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दवाखान्यातून कोणी तरी बाहेर आलं आणि परत आत गेलं.

"ठेवलं होतं का?"

"सुमननं ठेवलं होतं. तुला द्यायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही."

तो मान हलवत राहिला, बराच वेळ, कोणी काही समजावून सांगत असल्यासारखी. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही, ते शर्टावर पडत होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं तात्या," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"आता सांगितलंस ना," तात्या म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की तो ऐकायला मला त्याच्याकडे सरकून बसावं लागलं.